आठल्येवहिनींच्या घरचं भांड्यांचं यंत्र

आठल्येवहिनी प्रसाद कधी तळहातावर घेत नसत. देवळातला पुजारी असो की शेजारच्या सत्यनारायणाचा यजमान, शिऱ्याची मूद पुढे आली की त्या पदराचं टोक पसरत आणि मान खाली घालत. नवी नवी अंधेरीला राहायला आले तेव्हा मला वाटलं, केवढी भाविक बाई! माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला त्या आल्या, मी तिळगूळ पुढे केला, तर तोही त्यांनी पदरातच घेतला. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एकजण म्हणाली, "वहिनींचं सगळंच निराळं." वहिनींचे दोन्ही हात पदराखाली होते आणि निघेपर्यंत ते पदराखालीच राहिले.

वर्सोव्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका दुमजली इमारतीत आम्ही नवरा-बायको तळमजल्यावर राहत होतो. आठल्ये आमच्या डोक्यावर. त्यांची मोरी आमच्या मोरीच्या बरोबर वर होती, त्यामुळे वहिनींची आणि माझी खरी ओळख आवाजावरून झाली. सकाळी चहाची भांडी, मग ऑफिसला जाणाऱ्यांची पंगत, मग शाळेतल्या मुलांची, मग सासूबाईंची सोवळ्यातली, सगळ्यांत शेवटी वहिनींची स्वतःची. पितळेवर काथ्या घासल्याचा तो खरखर आवाज दिवसातून इतक्या वेळा यायचा की तो थांबला म्हणजे मी वर बघायची.

घरात माणसं पुष्कळ. वहिनींचे यजमान दिनकरराव कुर्ल्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. त्यांचे दोन धाकटे भाऊ, वहिनींची मुलं, आणि सगळ्यांवर दिनकररावांच्या आई. आख्खी इमारत त्यांना आजी म्हणायची. आजी रत्नागिरीकडच्या. मुंबईत येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सोवळं त्यांनी बोटीतून जसंच्या तसं आणलं होतं. घरातल्या भांड्याला परक्या बाईचा हात लागायचा नाही, हा त्यांचा नियम. आमच्याकडे हौसा भांडी घासायला यायची. डोंगराजवळच्या झोपड्यांत राहणारी, साताऱ्याकडची, तोंडाची फटकळ. ती जिन्याखालून गेली तरी आजी वरून पाणी शिंपडायच्या.

वहिनींचे हात मी पहिल्यांदा पाहिले ते एका संक्रांतीला. वरच्या मजल्यावरून मोठं पातेलं खाली उतरवायचं होतं, म्हणून मी एका कडीला धरलं आणि दुसऱ्या कडीला त्यांनी. पदर सुटला. तळव्यांची साल निघालेली, बोटांच्या पेरांना उभ्या चिरा, काही चिरांतून पाणी येत होतं. नखांच्या मुळाशी राख बसून काळी रेघ झाली होती. मी पातेलं तिथंच टेकवलं.

"अगं बाई! वहिनी, हे काय?"

"हे काय म्हणजे? हात आहेत," त्या म्हणाल्या. "उचल, आमटी निवतेय. प्रसाद घेतला की तूप झोंबतं, गूळ झोंबतो. म्हणून पदर. भक्ती नव्हे ती, काय समजलीस?"

'काय समजलीस' हे त्यांचं पालुपद. कडू बोलायच्या आणि शेवटी हे असं चिकटवायच्या, की ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं कळू नये.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. मलम दिलं आणि म्हणाले, राख बंद, धुण्याचा सोडा बंद, काही महिने हात पाण्यात घालायचेच नाहीत. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग हात तुमच्याकडेच ठेवून घ्या डॉक्टर. बरे झाले की निरोप पाठवा, येऊन घेऊन जाईन." डॉक्टर हसले. परत येताना रस्ताभर त्या मात्र हसल्या नाहीत.

त्या दिवशी घरात विषय निघाला. दिनकरराव आईसमोर चाचरत म्हणाले, "आई, एखादी बाई ठेवू या का? हिच्या हाताला..." आजी माळ ओढत होत्या. माळ न थांबवता म्हणाल्या, "माझे डोळे मिटले की काय ते ठेवा. बाया ठेवा, बटलर ठेवा." धाकटा दीर म्हणाला, "पण काही म्हणा, वहिनीसारखी लखलखीत भांडी कुण्णाची नाहीत. आरसे आहेत आरसे!" सगळे हो म्हणाले आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी वहिनी मला सांगत होत्या, "कौतुक केलं की काम पक्कं झालं म्हणून समजावं. मी एकदा तरी वाईट घासायला हवी होती गं. सुरुवातीलाच. आता फार उशीर झाला."

दिनकरराव वाईट होते असं मी म्हणणार नाही. आवाज चढवत नसत, दारू नाही, जुगार नाही. इंग्रजी मासिकं आणत आणि त्यांतली चित्रं मुलांना दाखवत. विज्ञानावर त्यांची फार श्रद्धा. त्यांच्या कारखान्यातला एक इंग्रज साहेब कायमचा विलायतेला परत निघाला आणि त्यानं सांताक्रूझच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं. दिनकरराव एका रविवारी तिथं गेले आणि दुपारी हातगाडीवर एक पांढरंशुभ्र, पिंपाएवढं, वर झाकण असलेलं यंत्र घेऊन आले. सगळी इमारत जिन्यात जमली.

"भांडी धुण्याचं यंत्र!" दिनकररावांचा चेहरा उजळला होता. "विजेवर चालतं. भांडी आत रचायची, गरम पाणी घालायचं, बटण दाबायचं. झालं! हिच्यासाठी आणलं."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराखालून एक हात काढला आणि यंत्राच्या झाकणावरून फिरवला. चिरा पडलेली बोटं त्या गुळगुळीत पांढऱ्या पत्र्यावर कशी दिसत होती ते मला अजून आठवतं. त्या कडू काही बोलल्या नाहीत. 'काय समजलीस' नाही की काही नाही. नुसतं म्हणाल्या, "छान आहे हो." लग्नाला इतकी वर्षं झाली होती त्यांच्या, पण तेवढ्यापुरत्या त्या अगदी नव्या नवरीसारख्या दिसल्या.

तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला, "साहेबाच्या घरचं ना ते?"

"हो आई."

"त्यात काय काय धुतलं असेल त्यानं? कोंबडी, बकरी, आणखी काय काय. त्यात माझ्या देवाच्या नैवेद्याचं ताट घालणार तुम्ही?"

जिन्यातली माणसं हळूहळू पांगली.

पुढे काही दिवस त्या घरात यंत्राच्या शुद्धीची चर्चा चालली. गोमूत्र झालं, गंगेचं पाणी झालं, कुणा शास्त्रीबुवांना विचारून झालं. शेवटी असा तोडगा निघाला की यंत्र राहू द्यावं, पण स्वयंपाकाची आणि घरच्या जेवणाची भांडी त्यात जायची नाहीत. पाहुण्यांचे चहाचे कप आणि काचेच्या बशा तेवढ्या घालाव्यात. आणि त्याही बाहेर काढल्यावर वहिनींनी आपल्या हातानं पुन्हा एकदा विसळायच्या. मोरीत जागा नव्हती, म्हणून यंत्र बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या शेजारी बसलं. त्यावर धूळ दिसली की दिनकरराव अस्वस्थ होत, म्हणून रोज सकाळी ते पुसण्याचं कामही वहिनींकडे आलं.

मग रविवार सुरू झाले. दिनकररावांचे मित्र, कारखान्यातले सहकारी, गावाकडचे ओळखीचे, कोण कोण यंत्र बघायला यायचे. बघायला आलेल्यांना चहा द्यायचा, मग त्यांनीच प्यालेले कप त्यांच्याच डोळ्यांदेखत यंत्रात घालायचे. पण चहाची साय आणि बिस्किटाचा गाळ तळाशी राहिला तर दिनकररावांची फजिती. म्हणून ते हळूच डोळ्यांनी खूण करत, वहिनी ट्रे आत नेत, कप घासून स्वच्छ करत, आणि मग ते स्वच्छ कप यंत्रात जात. यंत्र गडगडायचं, पाहुणे माना डोलवायचे, झाकण उघडलं की टाळ्या.

आणि वाद! असं यंत्र घरात असावं की नसावं, यावर त्या खोलीत किती तास गेले असतील. एकजण म्हणे, विजेचं बिल बघा. दुसरा म्हणे, आपली पातेली, पराती, तांबे त्यात मावणार कसे, हे चपट्या बशांत जेवणाऱ्यांसाठी आहे. एक पोक्त गृहस्थ म्हणाले, बायकांना व्यायाम राहणार नाही, शरीरं सुटतील. दिनकरराव टेबलावर हात आपटून सांगत, "अहो, स्त्रीचे श्रम वाचवणं हा सुधारणेचा पाया आहे!" आणि मग आत बघून, "अगं, आणखी एकदा चहा होईल का?"

वहिनी मला म्हणाल्या, "असावं की नसावं, सगळं बोलून झालं त्यांचं. पोट भरलेल्या माणसाला समोरचं खरकटं ताट दिसत नाही गं. ते आपोआप उचललं जातं, आपोआप चकचकीत होऊन मांडणीवर चढतं असंच त्याला वाटतं. आमच्याकडे तर यंत्र आधीपासूनच होतं. काय समजलीस?"

एकदाच, फक्त एकदाच, ते यंत्र त्यांनी स्वतःसाठी चालवलं. आजी मुलुंडला नात्यात डोहाळजेवणाला गेल्या होत्या, पुरुष कामावर, मुलं शाळेत. दुपारी वहिनींनी जिन्यातून हाक मारली, "कुसुम, वर ये गं जरा. आणि येताना दार ओढून घे."

वर गेले तर मोरीतली सगळी उष्टी भांडी त्यांनी बाहेरच्या खोलीत आणून ठेवली होती. ताटं, वाट्या, फुलपात्री, पळ्या. स्टोव्हवर पाणी उकळत होतं. मी घाबरले. "वहिनी, आजींना कळलं तर?"

"कळेल तेव्हा कळेल. तू वाट्या लाव."

आम्ही दोघींनी भांडी रचली. ताटं उभी राहिनात, मग आडवी केली. पाणी ओतलं, साबणाची पूड टाकली, झाकण लावलं आणि वहिनींनी बटण दाबलं. यंत्र सुरू झालं. मला वाटलं आता त्या काही बोलतील, हसतील. त्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. पदराबाहेर. उघडे. मी पहिल्यांदाच ते हात असे स्वस्थ पडलेले पाहत होते. आत पाणी आपटत होतं, वाट्या किणकिणत होत्या.

बऱ्याच वेळानं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ऐक."

"काय?"

"कुणीतरी भांडी घासतंय. आणि ती मी नव्हे."

त्यांचे डोळे मिटलेले होते. यंत्र थांबेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो. झाकण उघडलं तेव्हा वाफ आली. एका वाटीच्या तळाला भात तसाच होता, दोन ताटांच्या कडेला आमटीची रेघ होती. वहिनींनी ती नखानं खरवडली. "एवढं तर एवढं. कोण म्हणतो चालत नाही?" मग त्या उठल्या. आतलं पाणी काढलं, यंत्र आतून-बाहेरून कोरडं पुसलं, जमीन पुसली, आणि भांडी मांडणीवर रोजच्यासारखी लावली. आजी संध्याकाळी आल्या, त्याच ताटात जेवल्या. काही झालं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या भागातल्या महिला मंडळानं दिनकररावांचं भाषण ठेवलं. विषय होता स्वयंपाकघर आणि विज्ञान. शाळेच्या हॉलमध्ये बायकांची गर्दी होती. दिनकरराव छान बोलले. परदेशात गृहिणीला वाचनाला, गाण्याला कसा वेळ मिळतो, आपल्याकडे स्त्रीचं आयुष्य चुलीपासून मोरीपर्यंतच कसं जातं, हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. "मी माझ्यापासून सुरुवात केली," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी बसलेली बाई उसासा टाकून म्हणाली, "नशीब लागतं हो असा नवरा मिळायला." वहिनी माझ्या दुसऱ्या बाजूला होत्या. त्यांनी ऐकलं, पण मान वळवली नाही.

अध्यक्षीणबाईंना उत्साह आला. त्यांनी वहिनींना व्यासपीठावर बोलावलं. "आठल्येबाई, तुम्हीच सांगा आमच्या भगिनींना. घरात असं यंत्र घ्यावं की नाही?"

वहिनी गेल्या. हात पदराखाली. सभेत बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी, पण आवाज मोरीवर बोलायच्या तसाच होता, सरळ.

"घ्यावं," त्या म्हणाल्या. "यंत्र चांगलं आहे. ताटं धुतं, वाट्या धुतं. थोडं राहतं, ते काढता येतं. जिला घेणं शक्य आहे तिनं जरूर घ्यावं." दिनकरराव हसून मान डोलवू लागले. "पण घेतलं तर तिला वापरू द्यावं."

हॉलमध्ये चुळबूळ झाली. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "म्हणजे? समजलं नाही."

वहिनींनी पदराखालून हात काढले आणि समोरच्या टेबलावर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, पालथे ठेवले. मग उलटे केले. "यंत्र घरी आल्यानंतरचे आहेत हे," त्या म्हणाल्या. "आधी थोडे बरे होते."

एवढंच बोलल्या त्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तोंडावर हात ठेवला. कुणीतरी मागे चुकचुकलं. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे वहिनींना पुष्पगुच्छ द्यायचा होता. अध्यक्षीणबाईंनी तो उचलला, त्या हातांकडे पाहिलं, आणि हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवून दिला. "आभार, आभार," म्हणत त्यांनी घाईनं पुढचं गाणं सुरू करायला लावलं.

घरी येताना दिनकरराव आमच्या बरेच पुढे चालत होते. रात्री वरून काही आवाज आला नाही, भांडणही नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनीच सांगितलं. ते एवढंच म्हणाले होते, "चार लोकांत माझं नाक कापलंस. तुझ्यासाठी आणलं होतं मी ते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझ्यासाठी आणलंत तर आईंसमोर एकदा माझ्या बाजूनं बोलायचंत. यंत्राला गोमूत्र लावताना तुम्हीच वाटी धरून उभे होतात." "त्यावर ते काही बोलले नाहीत. आता बोलायचेही नाहीत बरेच दिवस. मी ओळखते."

तसंच झालं. त्याच आठवड्यात यंत्र हातगाडीवर चढून गेलं. कुणा हॉटेलवाल्याला दिलं म्हणतात. दिनकररावांनी बायकोशी बोलणं टाकलं ते पावसाळा येईपर्यंत. काही हवं असलं की मुलांकरवी सांगत. बाहेरच्या खोलीत यंत्र होतं तिथं फरशीवर एक गोल डाग राहिला होता. वहिनी म्हणाल्या, "चला, पुसायचं एक भांडं कमी झालं." पण त्या म्हणण्यात पूर्वीचा जोर नव्हता.

पावसाळ्यात हात आणखी चिघळले. पितळी पातेल्याच्या काठाला एक धार आली होती, ती उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला लागली. साधं कापलं होतं. हळद लावून त्या पुन्हा मोरीत बसल्या. बोट सुजलं, मग तळवा सुजला, मग मनगटापर्यंत लाल झालं. ताप अंगात घेऊन त्या श्रावणातली ब्राह्मणसवाष्णीची भांडी घासत होत्या. मी वर जाऊन आजींना म्हटलं, दिनकररावांनाही म्हटलं. "उद्या नेऊ या डॉक्टरकडे," ते म्हणाले. तो उद्या आला तेव्हा त्यांना टॅक्सीत उचलून घालावं लागलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर दोन बोटं काढावी लागतील. काढली.

आणि त्यानंतरची सकाळ मी विसरू शकत नाही. हौसा आमची भांडी घासून निघाली होती, तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवरून आजींनी हाक मारली, "अगो ए, वर ये. मोरी तुंबलीय खरकट्यानं."

हौसानं माझ्याकडे पाहिलं. मी आजींकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, आजी म्हणाल्या, "अडल्या वेळी शास्त्र बघत नाहीत हो. करायचं कुणी?"

हौसा वर गेली. आमच्या डोक्यावर पुन्हा काथ्याची खरखर सुरू झाली. चहाची, मग पंगतीची, मग मुलांची. आभाळ कोसळलं नाही. देव बाटला नाही.

इस्पितळात मी वहिनींना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या धाकट्यानं बोलता बोलता सांगून टाकलं, "आई, आपल्याकडे आता हौसा येते भांडी घासायला." मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरं का, असं. मी मान हलवली. त्यांनी पट्टी बांधलेला हात उशीवर सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"इतकं सोपं होतं?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा, हळू, "इतकं सोपं होतं गं?"

घरी परत आलेल्या वहिनी मला परक्या वाटल्या. पूर्वीचं कडू बोलणं दुसऱ्याला हसवायचं. आता ते टोचायचं. आणि सगळ्यांत जास्त टोचायचं ते हौसाला. मोरीच्या दारात पाट टाकून त्या बसत आणि तिनं घासलेलं प्रत्येक भांडं डाव्या हातानं उचलून उजेडात धरत. "हे काय घासलंस? चिकट आहे. पुन्हा घास. पुन्हा." हौसा तीन-तीनदा घासायची, पुटपुटायची. भांडी पहिल्याच वेळी स्वच्छ होत होती, मला दिसत होती. आजी आतून समाधानानं म्हणत, "सुनेचं लक्ष आहे म्हणून बरं."

एका सकाळी आमच्याकडे काम करताना हौसाचे हात मी पाहिले. चिरा पडायला लागल्या होत्या. आमच्या दोघांच्या भांड्यांनी त्या कधी पडल्या नव्हत्या. मी तशीच वर गेले.

"वहिनी, तिला सोडा देऊ नका. आणि तेच तेच पुन्हा घासायला लावू नका. तिचे हात बघा एकदा."

त्या पाटावर बसल्या होत्या. हातातली वाटी खाली न ठेवता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माझे कुणी बघितले होते?"

या वेळी शेवटी 'काय समजलीस' नव्हतं. मी जिना उतरले. त्यानंतर आमचं जाणंयेणं राहिलं, पण पूर्वीसारखं नाही. पुढे बोरिवलीला आम्हाला जागा मिळाली आणि अंधेरी सुटली. निघताना त्यांनी माझी ओटी भरली, डाव्या हातानं, आणि म्हणाल्या, "बोरिवलीला पाणी चांगलं आहे म्हणतात. सुखात राहा." तेवढंच.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. हिवाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत कारभार आटोपला. मी भेटायला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. आजी थकल्या होत्या, कोपऱ्यात माळ घेऊन होत्या. दिनकररावांचे केस पांढरे झाले होते. ते कुणाला तरी सांगत होते, "तिला कष्ट पडू नयेत म्हणून मी त्या काळात विलायती यंत्र आणलं होतं. आख्ख्या अंधेरीत पहिलं. पण तिला नव्या गोष्टींची सवयच होईना. जुन्या वळणाची होती." बसलेल्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "तुम्ही तुमच्याकडून केलंत." आतून चहाचा ट्रे आला. मी चहाला हात न लावता उठले.

खाली उतरताना मागच्या अंगणातल्या नळावर हौसा दिसली. भेटायला येणाऱ्यांच्या कपांचा ढीग पुढ्यात होता. मला बघून ती उठली, लुगड्याला हात पुसले.

"बाई गेल्या तुमच्या," ती म्हणाली.

"हो गं. तुला फार बोलायच्या ना?"

"बोलायच्या? रोज शिव्या. असली खडूस बाई म्या बघितली न्हाई. दोनदा काम सोडलं म्या तिच्या पायी, पोटासाठी परत आले." ती पुन्हा खाली बसली आणि कप विसळू लागली. "पर तुमी त्या दिशी वर येऊन बोलून गेलात न्हवं, तवापासनं सोडा बंद झाला. आन काम संपलं की खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढं सारायची. तोंडानं शिव्या चालूच. हातानं न्हाई द्यायची, पायानं सारायची."

"पायानं?"

"व्हय, पायानं. का, ते कधी इचारलं न्हाई." तिनं एक कप पालथा घातला, मग दुसरा. "तेल चांगलं असायचं पर."